परदेशात एकट्याने दोन दिवस फिरायचंय? आधी जेवणाचा रकाना भरा

गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या ओपीडीत माझे एक जुने पेशंट आले. वय ४७, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सहा वर्षांपासून मधुमेह, शिवाय बीपीची एक गोळी. दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी ताब्यात. त्या दिवशी तब्येतीची काही तक्रार नव्हती. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, कंपनी पाच दिवसांसाठी जर्मनीला पाठवतेय, श्टुटगार्टला. नवीन मशीन बघून पास करायचंय. शुक्रवारी काम संपतं. परतीचं विमान मी मुद्दाम रविवारी रात्रीचं मागून घेतलंय. शनिवार-रविवार एकटाच फिरणार. घरी म्हणतात, एकट्याने कशाला? आता तुम्हीच सांगा, जाऊ ना?"

कागद बघण्यासारखा होता. शनिवारी सकाळी रेल्वेने उल्म, तिथल्या चर्चच्या मनोऱ्याच्या ७६८ पायऱ्या, आइनस्टाइनचा जन्म जिथे झाला ती जागा. दुपारी परत श्टुटगार्ट, मोटारींचं संग्रहालय, संध्याकाळी टीव्ही टॉवर. रविवारी पहाटे हायडेलबर्ग, किल्ला, किल्ल्यातलं जुन्या औषधांचं संग्रहालय, नदीवरचा पूल, आणि तिथून परत येऊन थेट विमानतळ. प्रत्येक गाडीची वेळ मिनिटासकट लिहिलेली. इंजिनिअरचाच कागद तो!

मी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "यात जेवायचं कधी?"

"ते काय मॅडम, मिळेल तिथे खाऊ."

मी पेन खाली ठेवलं. कारण असाच एक कागद काही वर्षांपूर्वी मीही केला होता, आणि त्यावरही जेवणाचा रकाना नव्हता. त्याचं पुढे काय झालं हे मी आजवर कुठल्याच पेशंटला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. आज तुम्हालाही सांगते.

माझा कागद

आधी एक कबुली. मला स्वतःला मधुमेह आहे. तेव्हा निदान होऊन सात वर्षं झाली होती. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी एकत्र गोळी मी घेत असे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डब्यात हीच गोळी असेल.

सप्टेंबर महिना होता. मधुमेही पायांच्या जखमांवर चार दिवसांची एक कार्यशाळा होती, लंडनला. मंगळवार ते शुक्रवार. परतीचं विमान रविवारी रात्री. म्हणजे दोन दिवस माझे. वयाच्या ५३ व्या वर्षापर्यंत मी एकटी कधी फिरले नव्हते. आधी आईवडील, मग सासर, मग मुलगा, मग क्लिनिक. कुणाला भूक लागली, कुणाचे पाय दुखले, कुणाला परत फिरायचं आहे, याचा विचार न करता दोन दिवस काढायचे, या कल्पनेनेच मी महिनाभर आधी कागद घेऊन बसले.

दोन दिवसांत १३ ठिकाणं! डॉक्टर असल्यामुळे यादीही तशीच. सोहो भागातला तो प्रसिद्ध पाण्याचा पंप, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं संग्रहालय, सदर्कमधलं जुनं ऑपरेशन थिएटर. मग ब्रिटिश म्युझियम, पार्लमेंट, टॉवर ब्रिज. आणि रविवारी डॉ. आंबेडकर जिथे राहिले ते घर. पुन्हा कधी येणं होणार, म्हणून एकही ठिकाण गाळवेना.

मुलाने कागद पाहिला आणि एवढंच म्हणाला, "रोज संध्याकाळी सातला मी फोन करणार. आपल्या सातला. म्हणजे तुझ्याकडे दुपारचे अडीच." मला ते थोडं जाचकच वाटलं. एकटं फिरायचं तर हा फोन कशाला?

शनिवार, दुपारी अडीच

शनिवारी हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होत होता. मला साडेसातला निघायचं होतं. खोलीतच चहा केला, घरून आणलेले दोन खाकरे खाल्ले आणि रोजची गोळी घेतली. घरी याच गोळीबरोबर मी दोन भाकऱ्या आणि भाजी खाते आणि नंतर चार तास खुर्चीत बसून पेशंट तपासते. त्या दिवशी दोन खाकरे खाल्ले आणि चालायला लागले.

सोहोतल्या पंपापाशी पोचले तेव्हा रस्ता नुकता जागा होत होता. १८५४ साली याच भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या काळी बहुतेक डॉक्टरांचं मत ठरलेलं होतं, की रोग दूषित हवेतून, घाणेरड्या वासातून पसरतो. वास तर सगळीकडे होताच, त्यामुळे कारणही सगळ्यांच्या तोंडी तयार होतं. जॉन स्नो या डॉक्टरला ते पटलं नाही. कोण मेलं, कुठे राहत होतं, पाणी कुठून भरत होतं, हे तो घरोघर जाऊन विचारत राहिला. त्याचं बोट ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे गेलं आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. आज तिथे त्या पंपाची प्रतिकृती उभी आहे, बिनदांड्याची. मी फोटो काढला. हाताशी तयार असलेलं कारण न स्वीकारणारा हा माणूस किती मोठा, असं मनात म्हणत पुढे निघाले.

ट्राफल्गर चौक, मग पार्लमेंट, मग पूल ओलांडून नाइटिंगेलचं संग्रहालय. ते सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारातच आहे. तिच्या हातातला दिवा चित्रांत अल्लादीनच्या दिव्यासारखा दाखवतात. प्रत्यक्षात क्रिमियन युद्धातल्या इस्पितळात वापरायचे ते घडीचे तुर्की कंदील होते. तिने पाळलेलं घुबडही तिथे पेंढा भरून ठेवलंय. मी रमले. बारा वाजून गेले. जवळच एक उपाहारगृह होतं, पण रांग होती. म्हटलं, पुढे बघू.

पुढचा टप्पा नदीकाठाने तीन किलोमीटरहून थोडा जास्त. ऊन छान होतं. अर्ध्या वाटेत पाय जड वाटायला लागले. म्हटलं, दमले. घाम आला. म्हटलं, जाकीट जास्त झालं. मग नकाशा कळेनासा झाला. फोनवरचा निळा ठिपका दिसत होता, पण तो मी आहे आणि मला डावीकडे वळायचं आहे, या दोन गोष्टी एकत्र जुळेनात. एकाच पाटीसमोरून मी दोनदा गेले. मला त्या फोनचा विलक्षण राग आला. आणि मनात स्वच्छ उत्तर उमटलं: जेट लॅग!

अडीचला मुलाचा फोन आला तेव्हा मी बरो मार्केटपाशी होते. शनिवारची गर्दी. चहूबाजूंना पाव, चीज, भाजलेलं, तळलेलं असं सगळं खाणंच खाणं, आणि त्याच्या मधोमध मी उपाशी.

"आई, कशी आहेस?"

"बरी आहे. सारखा फोन कशाला करतोस?"

"आजचा पहिलाच आहे. जेवलीस?"

"मी काय लहान आहे का? तुम्ही सगळे माझ्यामागे का लागता?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आई, तू अशी बोलत नाहीस. हात थरथरतोय का बघ."

मी हात समोर धरला. बोटं थरथरत होती.

"आधी काहीतरी गोड पी. मी फोन ठेवत नाही."

माझ्या क्लिनिकमध्ये भिंतीवर एक तक्ता आहे, तुम्ही पाहिला असेल. 'घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड, गोंधळ: आधी साखर मोजा.' तो तक्ता मुलाने दहावीत असताना कॉम्प्युटरवर टाइप करून दिला होता. तो डॉक्टर झाला नाही. पण त्या दिवशी तक्ता त्याला आठवला, मला नाही.

ग्लुकोमीटर हॉटेलच्या खोलीत होता. पर्समध्ये होत्या बिनसाखरेच्या पेपरमिंटच्या गोळ्या. समोरच्या दुकानातून संत्र्याच्या रसाची छोटी बाटली घेतली, उभ्यानेच प्यायले आणि शेजारच्या कॅथीड्रलच्या आवारात बाकावर बसले. पंधरा मिनिटांनी डोकं थोडं वर आलं, पण थरथर पुरती गेली नव्हती. आणखी एक बाटली प्यायले. मग सावकाश सँडविच खाल्लं. फोनमध्ये पाहिलं तर १४,००० पावलं झाली होती. एरवी माझा दिवस चार हजारांत संपतो.

जुनं ऑपरेशन थिएटर तिथून अगदी जवळ होतं. १८२२ सालचं, चर्चच्या माळ्यावरचं. भूल देण्याची पद्धत यायच्या आधी तिथे पाय कापले जात. वर जायला ५२ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना आहे. मी त्या दिवशी तो चढले नाही. टॅक्सी केली आणि खोलीवर परतले.

त्या दुपारी शरीरात काय झालं?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या एका कुटुंबातल्या गोळ्या. त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. त्यांचा गुण हाच आणि धोकाही हाच: तुम्ही जेवलात की नाही, हे त्या बघत नाहीत. सकाळी घेतलेली गोळी दिवसभर काम करत राहते.

चालताना दुसरी गोष्ट घडते. काम करणारे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना नेहमीइतकं इन्शुलिन लागत नाही. म्हणजे एकीकडे गोळीमुळे इन्शुलिन जास्त, दुसरीकडे स्नायूंची ओढ जास्त, आणि वरून येणारं जेवण नाही. अशा वेळी यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडून सावरायचा प्रयत्न करतं. पण रक्तात इन्शुलिन भरपूर असेल तर त्या कोठाराचं दार अर्धवट बंदच राहतं. साखर खाली जाते.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला कमी म्हणायचं, ५४ च्या खाली गेली की गंभीर. आणि भरपूर चालल्याचा परिणाम त्याच दुपारी संपत नाही. स्नायू रिकामा झालेला साठा रात्रभर भरत राहतात, त्यामुळे रात्री झोपेतही साखर उतरू शकते. दिवसभर फिरून, "भूक नाही" म्हणत नुसती कॉफी पिऊन झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हा धोका प्रामुख्याने इन्शुलिन आणि वर सांगितलेल्या कुटुंबातल्या गोळ्यांचा. नुसतं मेटफॉर्मिन, किंवा नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' वा 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या एकट्या घेणाऱ्यांना तो फार कमी. पण आपल्याकडे बऱ्याच गोळ्या दोन-तीन औषधं एकत्र करून मिळतात. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, किंवा पाकीट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: "या गोळीने साखर एकदम कमी होऊ शकते का?"

मला ते कळलं का नाही?

हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. तीस वर्षांत शेकडो पेशंटमध्ये मी हे ओळखलंय, मग स्वतःत का नाही?

पहिलं कारण शरीरशास्त्राचं. मेंदूचं मुख्य इंधन साखर. ती कमी झाली की सर्वात आधी उपाशी पडतो तो मेंदू. म्हणजे जो अवयव धोका ओळखणार, तोच त्या वेळी निम्म्या शक्तीवर चालत असतो. अशा माणसाला "तुम्हाला काय होतंय?" विचारलं तर तो "काही नाही" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. माझ्याकडे एक तयार कारण होतं. जेट लॅग. नीट विचार केला असता तर ते टिकलंच नसतं. सप्टेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आपल्या मेंदूतलं घड्याळ नव्या वेळेशी साधारण दिवसाला तासभर जुळवून घेतं, आणि पश्चिमेकडे जाताना ते जरा सोपं जातं, कारण बहुतेकांचं हे आतलं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. मंगळवारी मी पहाटे तीनला टक्क जागी होते, तो खरा जेट लॅग. शनिवारी तो जवळजवळ संपला होता. शिवाय जेट लॅगने झोप येते, पोट बिघडतं, लक्ष लागत नाही. दुपारी अडीचला हाताला थरथर सुटत नाही.

सकाळी पंपासमोर उभी राहून मी जॉन स्नोचं कौतुक करत होते, आणि दुपारी स्वतःच्या बाबतीत 'दूषित हवा' म्हणून मोकळी झाले.

कामानंतरच्या या दोन दिवसांत तयार कारणं फार असतात. झोप कमी झालेली, चार दिवस ताणाचे गेलेले, जेवण वेगळं, चालणं जास्त. त्यामुळे काहीही झालं तरी "दगदग झाली" म्हणता येतं. सोबत कुणी असेल तर ते माणूस म्हणतं, "अहो, तुमचा चेहरा बघा, बसा आधी." एकट्या माणसाला हे म्हणणारं कुणी नसतं. एकट्याने फिरण्यातला खरा फरक हा आहे. चोर, भाषा, रस्ता चुकणं या गोष्टी त्यानंतर.

सोबत्याची कामं कोण करणार?

म्हणून माझ्या इंजिनिअर पेशंटना मी म्हटलं, "जा. जरूर जा. पण सोबत्याची कामं वाटून द्या. काही कागदाला, काही पिशवीला, काही फोनला." मग आम्ही दोघांनी मिळून त्यांचा कागद पुन्हा लिहिला.

पहिला रकाना जेवणाचा. सकाळी साडेसात, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सात, आणि मध्ये दोनदा थोडं खाणं. ठिकाणं त्या वेळांच्या मधल्या जागेत बसवायची. उल्मचा मनोरा पोटभर नाश्त्यानंतर, ग्लुकोमीटरवर साखर पाहून. दर शंभरेक पायऱ्यांनी थांबायचं. छातीत जड वाटलं किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथूनच खाली, फोटो गेला तरी चालेल. दिवसाला दोनच ठिकाणं पक्की, बाकी 'जमलं तर' या सदरात. टीव्ही टॉवर तिथे गेला.

जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर काही उघडी मिळतात. तेव्हा रविवारचं खाणं-पिणं शनिवारीच घेऊन ठेवायचं, हेही कागदावर लिहिलं.

पिशवी म्हणजे अंगावरची छोटी पिशवी, हॉटेलात राहणारी बॅग नव्हे. तिच्यात हे हवंच:

– ग्लुकोमीटर आणि पट्ट्या.
– ग्लुकोजची पावडर किंवा साखरेच्या पुड्या. तीन चमचे साखर म्हणजे साधारण १५ ग्रॅम. लक्षणं दिसली की एवढी घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा घ्यायची. मग पोटाला आधार होईल असं काही खायचं.
– दिवसभराची औषधं, आणि त्यांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी. ब्रँडची नावं परदेशात उपयोगी पडत नाहीत.
– एक कार्ड, इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत: नाव, आजार, औषधं, ॲलर्जी, हॉटेलचा पत्ता, घरचा फोन.

साखर उतरलेली असताना चॉकलेट किंवा बर्फी कामाची नाही, कारण त्यातली चरबी साखर पोचायला उशीर लावते. शीतपेय घ्यायचं तर बाटलीमागचा आकडा वाचून घ्या. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जास्त साखरेच्या शीतपेयांवर कर आहे, त्यामुळे अनेक कंपन्यांनी साखर बरीच कमी केली. डाएट न लिहिलेल्या बाटलीतही तुम्हाला वाटते तेवढी साखर नसेल. आपली पुडी आपल्याजवळ असलेली बरी.

आणि फोन. मला जाचक वाटलेला तोच. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि शक्यतो दुपारी, म्हणजे तुम्ही बाहेर फिरत असाल तेव्हा. मेसेज पुरत नाही, आवाज ऐकू यायला हवा. मुलाने माझी चिडचिड कानाने ओळखली. मेसेजवर मी 'बरी आहे' एवढंच लिहिलं असतं. फोन उचलला नाही तर घरच्यांनी किती वेळ थांबायचं आणि मग कुठे फोन करायचा, हेही आधी ठरवा. हॉटेलचा नंबर त्यांच्याकडे असू द्या. युरोपात तातडीचा नंबर ११२, ब्रिटनमध्ये ९९९ आणि ११२ दोन्ही चालतात.

पेशंटना मी आणखी एक विचारलं, "विमा कुठल्या तारखेपर्यंत आहे?" त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. विमा शुक्रवारपर्यंतचाच होता! कामासाठी काढलेला विमा अनेकदा कामाच्या दिवसांपुरता असतो आणि तुमचे खासगी दोन दिवस त्याच्या बाहेर राहतात. शेंगेन व्हिसासाठी तर संपूर्ण मुक्कामाचा, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातले उपचार परदेशी पाहुण्यालाही मोफत मिळतात, पण वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं. विमा घेताना आधीपासून असलेला आजार लपवू नका. तो लपवला तर नेमक्या वेळी दावा नाकारला जातो.

पाय, आणि काही न टाळण्याच्या गोष्टी

कामाच्या दौऱ्याला आपण कडक बूट नेतो आणि त्याच बुटांत दोन दिवस शहर पालथं घालतो. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आलेला कळतही नाही. रोजच्या वापरातले मऊ बूट न्या. अगदी नवे घेऊन जाऊ नका. रात्री तळवे बघा. दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. पायांच्या कार्यशाळेला जाऊन आलेली मी, त्या शनिवारी रात्री बूट काढले तेव्हा माझ्याही टाचेला फोड होता.

दुसरं, लांबच्या विमानप्रवासानंतर काही दिवस पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता थोडी वाढलेली असते. धोका एकूण लहानच, पण इथेही तयार कारण असतं: "चालून दुखतोय." चालून दुखतात ते साधारण दोन्ही पाय. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबून दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट ॲम्ब्युलन्स. सहल नंतर होईल.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी विशेष सूचना. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस लांबतो, परत येताना आखडतो. कुठलं इंजेक्शन कधी घ्यायचं, याचं वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्शुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं.

रविवार

आता उरलेलं सांगते, नाहीतर तुम्ही घाबरून तिकिटं रद्द कराल.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी साखर मोजली, नीट जेवले आणि कागदावरची रविवारची सहापैकी पाच ठिकाणं खोडली. सकाळी हॉटेलचा नाश्ता बसून, चवीने केला. मग भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्टेशन आणि तिथून थोडं चालत १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. शांत रस्ता, एकसारखी उभी घरं, आणि भिंतीवर निळी गोल पाटी. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिले. मागून "चला, उशीर होतोय" म्हणणारं कुणी नव्हतं.

नंतर जवळच्या प्रिमरोझ हिलवर गेले. छोटीशी टेकडी, वरून अर्धं लंडन दिसतं. बाकावर बसून साडेबाराला डबा उघडला. अडीचला फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"जेवलीस?"

"जेवले. आणि चिडलेली नाहीये."

ते ५२ पायऱ्यांचं थिएटर आजवर पाहायचं राहिलंय. त्या दोन दिवसांतलं मला सर्वात जास्त आठवतं ते मात्र टेकडीवरचं बाक. एकट्याने फिरण्याची खरी मजा तिथे कळली. स्वतःच्या चालीने चालायचं, आणि स्वतःची भूक स्वतःला कळू द्यायची. शनिवारी मी कुणाच्या सोबतीशिवाय होते, पण माझ्या चालीने चालत नव्हते. कागदाच्या चालीने चालत होते.

इंजिनिअरसाहेब पुढच्या आठवड्यात निघतायत. त्यांच्या शुगरच्या नोंदी बघून त्या दोन दिवसांसाठी गोळीचा डोस मी ठरवून दिलाय. तो आकडा इथे मुद्दाम देत नाही, कारण तो त्यांच्यासाठी आहे. तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी बंद किंवा कमी करू नका. विमा दोन दिवसांनी वाढवलाय. जाताना त्यांनी नवा कागद पत्नीच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, "दुपारी साडेबारा: जेवण" या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "मॅडम, याची एक झेरॉक्स मला द्या. फोन मीच करणार आहे."